बाहेरच्या बांधकामात टिकाऊ सॉफ्टवुडचं ग्लुलॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्गोला, बागेतला पादचारी पूल, रिसॉर्टचा मंडप, पार्किंगवरची छपरी अशा कामांसाठी ग्लुलॅमची चौकशी आता महाराष्ट्रातही होते. या विषयातला बहुतेक अनुभव नॉर्वे, जर्मनी, नेदरलँड्स आणि उत्तर अमेरिकेतला आहे. उदाहरणं त्यामुळे तिकडचीच येतील. सह्याद्रीच्या पावसात जिथे वेगळा विचार करावा लागतो, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ग्लुलॅम म्हणजे नेमकं काय?

वाळवलेल्या, रंधलेल्या फळ्या एकावर एक ठेवून, गोंद लावून, दाबाखाली चिकटवलेली तुळई किंवा खांब. सगळ्या फळ्यांचे तंतू लांबीच्या दिशेनेच असतात. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे असतात, इथे तसं नसतं. एका फळीची लांबी पुरत नाही, म्हणून फळ्यांची टोकं बोटांत बोटं गुंतवावीत तशी कापून चिकटवतात. याला फिंगर जॉइंट म्हणतात. या पद्धतीने कारखान्यातून वीस-तीस मीटर लांबीची, सरळ किंवा कमानदार तुळई मिळते. जर्मनीतल्या वायमारचे सुतार-उद्योजक ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये वक्र ग्लुलॅमचं पेटंट घेतलं. तेव्हाचे गोंद ओल सहन करणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिसॉर्सिनॉलचा जलरोधक गोंद आला आणि मग ग्लुलॅम खऱ्या अर्थाने उघड्यावर आलं.

आपल्याकडे साग असताना सॉफ्टवुड कशाला?

उघड्यावर टिकण्यात सागाच्या पक्क्या गाभ्याची बरोबरी सॉफ्टवुड, म्हणजे सूचिपर्णी झाडांची बहुतेक लाकडं, करत नाहीत. लहान गाळ्यांचं (दोन आधारांमधलं अंतर कमी असलेलं) काम असेल, चांगला जुना साग मिळत असेल आणि खर्च परवडत असेल, तर सागच वापरा. ग्लुलॅमची गरज पडते ती गाळा मोठा झाला की. बारा मीटरची, मध्ये सांधा नसलेली, कोरडी, न पिळणारी सागाची तुळई आज कुठल्याही वखारीत सहज मिळणार नाही. सॉफ्टवुड हलकं असतं, लागवडीच्या जंगलातून सतत मिळतं, आणि त्याची ताकद फळीफळीने तपासून वर्गवारी करता येते. मोठी गाठ असलेली कमजोर फळी कारखान्यातच बाजूला काढता येते. अखंड ओंडक्यात ही सोय नाही.

‘टिकाऊ’ म्हणजे किती वर्षं?

कॅटलॉगमध्ये ‘ड्युरेबल’ असं लिहिलेलं असतं, पण त्या शब्दामागे एक ठरावीक चाचणी आहे. युरोपात ईएन ३५० या मानकानुसार लाकडाचे १ ते ५ असे वर्ग पाडतात. १ म्हणजे सर्वांत टिकाऊ, ५ म्हणजे लवकर कुजणारं. ब्रिटनमधल्या जुन्या मोजणीत पन्नास मिलिमीटरचे चौकोनी खुंट जमिनीत गाडून ते किती वर्षं तग धरतात ते पाहत. मध्यम टिकाऊ लाकडाचा खुंट १० ते १५ वर्षं टिके, टिकाऊचा १५ ते २५. आपल्याकडे देहरादूनची वन संशोधन संस्था याच तत्त्वावर तीन वर्ग करते: १२० महिन्यांहून जास्त, ६० ते १२० महिने, आणि ६० महिन्यांहून कमी.

म्हणजे हा आकडा जमिनीत गाडलेल्या बारीक खुंटाचा आहे. जमिनीपासून वर उचललेली, पाऊस झटकून कोरडी होणारी तुळई याच्या कित्येक पट टिकते. उलट तीच तुळई एखाद्या लोखंडी खोबणीत पाणी साठवून बसली, तर खुंटाइतकीच वर्षं काढेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाला लागू होतात. सालीलगतचं फिकं लाकूड कुठल्याही जातीचं असो, वर्ग ५ मध्येच धरतात. लार्चची तुळई म्हणून विकली गेली आणि प्रत्येक फळीच्या कडेला दोन बोटं पांढरं लाकूड असलं, तर त्या कडा लवकर कुजतील. त्यामुळे ऑर्डरमध्ये जातीचं नाव पुरत नाही, ‘फक्त गाभा’ किंवा ‘पांढरं लाकूड प्रक्रिया केलेलं’ असं लिहावं लागतं.

मग कोणती जात घ्यावी?

लार्च हे युरोपातलं आवडतं उत्तर. वर्ग ३ ते ४, सायबेरियन लार्च ३ च्या जवळ. जड, राळयुक्त, दिसायला तांबूस. डग्लस फर उत्तर अमेरिकेतलं असेल तर वर्ग ३, युरोपात लावलेलं असेल तर ३ ते ४. ताकदीला उत्तम. स्कॉट्स पाइनचा गाभा ३ ते ४, पण त्याच्या पांढऱ्या लाकडात कुज आणि कीड रोखणारं औषध छान मुरतं. बाहेरच्या कामात त्याचं महत्त्व आहे ते यासाठीच. वेस्टर्न रेड सीडर वर्ग २, टिकाऊ पण हलकं आणि मऊ. आच्छादनाला चांगलं, मोठ्या भाराच्या तुळईला कमी पडतं. अलास्कन यलो सीडर २ ते ३ आणि ताकदीलाही बरं. उत्तर अमेरिकेत उघड्यावरच्या ग्लुलॅमसाठी ते मुद्दाम निवडतात.

स्प्रूस वर्ग ४. जगातलं बरंचसं ग्लुलॅम स्प्रूसचंच असतं आणि ते छपराखाली उत्तम काम करतं. औषध त्यात नीट मुरत नाही. स्वस्त मिळालं म्हणून ते उघड्यावर लावू नका.

न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन भारतात भरपूर येतो. तो मुळात टिकाऊ नाही, पण औषध सहज पितो. हिमालयातला देवदार आपला स्वतःचा टिकाऊ सॉफ्टवुड आहे. हिमाचलातली दगड-लाकडाच्या आडव्या थरांची काठकुणी घरं आणि मंदिरं त्यावरच उभी आहेत. त्याच्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवायचा असेल तर ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरच गोंद लावावा लागतो आणि आधी नमुना चिकटवून, भिजवून, वाळवून तपासावा लागतो.

युरोपात चाललेलं लाकूड कोकणात तितकंच टिकेल का?

नाही. हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

कुजवणाऱ्या बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. थिओडोर शेफर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये यासाठी एक सोपं गणित दिलं. महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा करा, पावसाच्या दिवसांतून ३ वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा, बारा महिन्यांची बेरीज घ्या आणि १६.७ ने भागा. उत्तर ३५ च्या खाली आलं तर जमिनीच्या वरच्या लाकडाला कुजण्याचा धोका कमी, ६५-७० च्या वर गेलं तर जास्त.

आता कोकणातला एकच जुलै घ्या. सरासरी तापमान २७ अंश, पावसाचे दिवस २५ धरले, तर २५ गुणिले २२, म्हणजे ५५०. भागिले १६.७, उत्तर सुमारे ३३. म्हणजे ‘कमी धोक्याची’ वर्षभराची मर्यादा एकटा जुलैच जवळपास गाठतो. जून, ऑगस्ट, सप्टेंबर अजून बाकी आहेत.

पुणे-नाशिकच्या पूर्वेला, सोलापूर-मराठवाड्याकडे चित्र बरंच सौम्य होतं. पाऊस कमी दिवस पडतो आणि मधल्या उघडिपीत लाकूड वाळतं. तिथे त्रास होतो तो उन्हाचा आणि चिरांचा.

यावरून माझं मत असं: कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर वर्ग ३ चं लार्च किंवा डग्लस फर मुख्य भारवाहक तुळई म्हणून छपराशिवाय ठेवू नये. एकतर तिच्यावर छप्पर घ्या, नाहीतर आतपर्यंत औषध मुरलेला पाइन घ्या. आर्किटेक्टला उघड्या तुळया दिसायला हव्या असतात हे समजतं. रुंद पागोळ्यांच्या छपराखालूनही त्या दिसतात.

वाळवीचं काय?

ईएन ३५० मध्ये बुरशीचा वर्ग वेगळा आणि वाळवीचा वेगळा दिलेला असतो. बुरशीसाठी वर्ग ३ आहे म्हणून वाळवी लागणार नाही असं मुळीच नाही. आपल्या मातीतल्या वाळवीपुढे प्रक्रिया न केलेलं लार्च किंवा पाइन टिकेल असं धरून चालू नका.

खांब जमिनीत गाडू नये, काँक्रीटमध्येही पुरू नये. काँक्रीटच्या बैठकीवर लोखंडी पाया बसवून खांब किमान १५० मिलिमीटर, शक्य तर ३०० मिलिमीटर वर उचलावा. वाळवी वर चढताना मातीची नळी बांधते. ही मोकळी जागा असली की नळी डोळ्यांना दिसते आणि झाडूने पाडता येते. नंतर कोणीतरी तिथे फरशी घालून किंवा सजावटीचं खोकं करून ती झाकतो, आणि मग आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. पायाच्या मातीला वाळवी-प्रतिबंधक प्रक्रिया आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे करून घ्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

गोंद सुटत नाही का पावसाने?

योग्य गोंद असेल तर नाही. बाहेरच्या भारवाहक कामासाठी तीन प्रकार रूढ आहेत: फिनॉल-रिसॉर्सिनॉल, मेलामाइन-युरिया, आणि एकघटकी पॉलियुरेथेन. पहिल्याची रेघ गडद तपकिरी दिसते, दुसऱ्याची फिकी, तिसऱ्याची जवळजवळ दिसतच नाही. युरोपीय मानकात यांची ‘टाइप १’ ही श्रेणी असते. प्रमाणपत्रावर तेवढी खूण शोधा. फर्निचरचा पांढरा सुतारी गोंद, अगदी ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला असला तरी, सतत भार घेणाऱ्या तुळईला चालत नाही. भाराखाली तो हळूहळू सरकतो.

साधा युरिया गोंद ओलीत कसा दगा देतो याचं दुःखद उदाहरण जर्मनीत घडलं. २ जानेवारी २००६ रोजी बाड राइशनहाल या गावातल्या बर्फाच्या स्केटिंग रिंकचं छप्पर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला, त्यात बहुतेक मुलं होती. छपराच्या पेटीसारख्या लाकडी तुळया युरिया गोंदाने चिकटवलेल्या होत्या आणि रिंकवरच्या दमट हवेत वर्षानुवर्षं तो सांधा कमजोर होत गेला. आकडेमोडीतल्या चुका आणि छपरावरचा बर्फ हीही कारणं होती. ती तुळई पावसात नव्हती, छपराखाली होती. पोहण्याचा तलाव, गोठा, किंवा समुद्रावरचा उघडा हॉल बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

औषध फळ्यांना आधी द्यायचं की तयार तुळईला नंतर?

दोन्ही करतात. फळ्यांना आधी दिलं तर औषध प्रत्येक फळीत खोल जातं, तुळईच्या पोटातही पोचतं. मात्र त्या फळ्या पुन्हा वाळवाव्या लागतात, पुन्हा रंधाव्या लागतात आणि त्याच दिवशी चिकटवाव्या लागतात. गोंद त्या औषधाशी जुळणारा असावा लागतो. तयार तुळईला नंतर दिलं तर बाहेरून एक कवच मिळतं आणि आत कोरं लाकूड राहतं. कवच शाबूत आहे तोवर ठीक. पण उन्हाने चीर पडली किंवा साइटवर कुणी भोक पाडलं की पाणी थेट कोऱ्या लाकडात. म्हणून असं काम असेल तर सगळी भोकं, खाचा, कापणी आधी करावी आणि मगच औषध द्यावं.

नॉर्वेतल्या रस्त्यांच्या लाकडी पुलांवर पाइनच्या फळ्यांना आधी तांब्याचं औषध देऊन, चिकटवून, नंतर अखंड तुळईला क्रिओसोट (डांबरापासूनचं काळं तेल) देण्याची दुहेरी पद्धत वापरली गेली. क्रिओसोट घरगुती कामाला, माणसाचा हात लागेल अशा ठिकाणी, वापरू नये. तांबं-क्रोम-आर्सेनिकचं औषध भारतात अजून वापरात आहे. अमेरिकेने घरगुती वापरातून ते २००३ च्या अखेरीस काढलं, युरोपनेही बहुतेक वापर बंद केले. मुलांच्या खेळण्याच्या जागी, बाकांना, कठड्यांना ते टाळा. त्याचा तुकडा चुलीत किंवा शेकोटीत तर कधीच घालू नये, राखेत आर्सेनिक राहतं. कामगारांना हे कुणी सांगत नाही. साइटवर उरलेले तुकडे मोजून परत पाठवा.

औषधाशिवाय टिकाऊपणा वाढवता येतो का?

येतो. लाकूड सुमारे १८५ ते २१५ अंशांवर ऑक्सिजनशिवाय तापवलं की ते कमी पाणी शोषतं आणि कमी कुजतं. पण ठिसूळ होतं, म्हणून आच्छादनाला घ्यावं, तुळईला नको.

दुसरा मार्ग अ‍ॅसिटिलीकरणाचा. यात अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडची प्रक्रिया करून लाकडाच्या पेशीभित्तीच बदलतात. असा रेडिएटा पाइन वर्ग १ मध्ये बसतो आणि फुगणं-आकसणंही खूप कमी होतं. नेदरलँड्समध्ये स्नेक शहराजवळ महामार्गावर २००८ मध्ये या लाकडाच्या ग्लुलॅमचा पूल उभारला, त्यावरून जड वाहनं जातात. महाग आहे, पण छप्पर घेणं शक्यच नसेल तर विचार करण्याजोगा पर्याय आहे.

फळ्यांच्या जाडीने फरक पडतो?

बराच. घरातल्या किंवा छपराखालच्या तुळईसाठी ईएन १४०८० हे मानक ४५ मिलिमीटरपर्यंत जाडीची फळी चालवतं. उघड्यावर मर्यादा ३५ मिलिमीटर. जाड फळी ओली-सुकी होताना जास्त जोराने वाकू पाहते आणि गोंदाच्या रेघेवर ताण येतो. त्याच कारणाने उघड्यावरच्या तुळईत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या फळीची खोडाच्या मध्याकडची बाजू बाहेर ठेवतात. टोकाकडून पाहिलं तर वलयांवरून हे ओळखता येतं. माल उतरवून घेताना टेप आणि डोळे, एवढ्यावर ही तपासणी होते.

आकार ठरवताना छपराखालचं आणि उघड्यावरचं गणित वेगळं असतं का?

हो, आणि इथेच बरीच कामं फसतात. युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या युरोपीय संहितेत उघडं लाकूड ‘सर्व्हिस क्लास ३’ मध्ये येतं. मध्यम मुदतीच्या भारासाठी ताकदीचा गुणक छपराखाली ०.८, उघड्यावर ०.६५. वाकण्यातला फरक तर याहून मोठा आहे. कायम भाराखाली तुळई काळानुसार वाकत जाते. छपराखाली हा वाढीचा गुणक ०.८, उघड्यावर २.०. म्हणजे कायम भाराने पहिल्या दिवशी ६ मिलिमीटर वाकलेली तुळई छपराखाली अखेर साधारण ११ मिलिमीटरवर थांबते, उघड्यावर १८ वर जाते. पर्गोलावर वेल चढवायचा असेल, टांगती कुंडी लावायची असेल, तर हा भारही कायमचाच धरा.

भारतात लाकडी बांधकामासाठी आयएस ८८३ आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेतही लाकडावर भाग आहे. आयात ग्लुलॅमवर ‘जीएल २४’ किंवा ‘जीएल २८’ असा शिक्का असतो. हा वाकण्यातल्या ताकदीचा आकडा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. एका पद्धतीची ताकद घेऊन दुसऱ्या पद्धतीचे गुणक लावू नका. एकच पद्धत धरा आणि तीच शेवटपर्यंत चालवा.

पाण्यापासून वाचवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय काय करायचं?

सगळ्या पानात वाचायचं एकच उत्तर असेल तर ते हे.

लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी वाढत नाही. पावसाने तुळईची बाजू भिजते, दोन दिवसांत वाळते, त्याने काही बिघडत नाही. घात करतात त्या पाणी अडकणाऱ्या जागा. वरचा आडवा पृष्ठभाग, कापलेली टोकं, दोन लाकडं घट्ट टेकलेली जागा, आणि लोखंडी पट्टीच्या मागची फट.

तुळईच्या वरच्या अंगावर पत्र्याची टोपी घाला. तांबं, जस्त किंवा रंगीत अ‍ॅल्युमिनियम चालेल. पण औषधात तांबं असेल तर अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवू नका. टोपी लाकडावर चिकटवायची नाही. पट्ट्या ठोकून मध्ये हवा खेळेल अशी फट ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पत्रा खाली वळवून त्याची कड लाकडापासून दूर संपवा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. टोपीला वरून खिळा मारला की खिळ्याचं भोकच पाण्याची वाट होते. खिळे बाजूने मारा.

कापलेलं टोक पाणी कित्येक पट वेगाने ओढतं, कारण तंतूंच्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. कारखान्यातच टोकं सीलबंद करून घ्या. साइटवर एखादं टोक कापावं लागलं तर त्याच वेळी औषध आणि सीलर लावा, ‘शेवटी सगळ्यांना एकदम लावू’ असं म्हणू नका. आर्किटेक्टना तुळयांची टोकं छपराबाहेर काढायला आवडतात. ती बाहेर काढलीच तर तिरकी कापा आणि त्यांच्यावर पत्रा घ्या.

खांबाच्या पायाशी बुटासारखी लोखंडी वाटी करतात आणि खांब तिच्यात उभा करतात. अशा वाटीत पाणी साचतं. त्याऐवजी खांबाच्या पोटात बसणारी उभी पट्टी किंवा खालून टेकू देणारी पट्टी आणि रॉड वापरा. चारही बाजूंनी हवा लागली पाहिजे. पायाभोवती फरशीऐवजी खडी टाकली तर पागोळ्यांचे शिंतोडे कमी उडतात.

पुलांवर पायाखालच्या फळ्या आणि मुख्य तुळई यांच्यामध्ये रबराची किंवा बिट्युमेनची पट्टी द्या. पायाखालच्या फळ्या झिजणाऱ्या आणि बदलायच्या वस्तू आहेत, तुळई नाही.

नॉर्वेत ग्लुलॅमचे पूल पडले म्हणे. मग भरवसा कसा ठेवायचा?

पडले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये पेर्कोलो पूल मालवाहू गाडीखाली कोसळला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ट्रेटेन इथला, २०१२ मध्ये खुला झालेला मोठा पूल वाहनं वर असताना नदीत पडला. दोन्ही चालक वाचले. तशाच बांधणीचे इतर पूल तपासणीसाठी तात्पुरते बंद करावे लागले.

दोन्ही ठिकाणी लाकूड कुजलेलं नव्हतं. दोष सांध्यांत होता. ट्रेटेनला कैचीच्या (त्रिकोणांच्या सांगाड्याच्या) तिरक्या दांड्यात पोलादी पट्ट्या आणि पिना बसवल्या होत्या, आणि तिथे पिनांच्या समूहाभोवतीचा लाकडाचा ठोकळाच्या ठोकळा फाटून बाहेर येण्याचा धोका पुरेसा मोजला गेला नव्हता. लाकडाच्या मोठ्या कैच्यांचे सांधे वेगळ्या, स्वतंत्र इंजिनिअरकडून पुन्हा तपासून घ्या. पादचारी पूल असला तरी. आठ-दहा मीटरच्या ओढ्यावर तर कैची हवीच कशाला, दोन सरळ तुळया पुरतात, आणि सांधे जवळजवळ उरतच नाहीत.

खिळे, बोल्ट, स्क्रू कोणते?

समुद्रापासून काही किलोमीटरच्या आत ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. आतल्या भागात चांगलं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) चालतं, पण तांबंयुक्त औषध असलेल्या लाकडात जस्त लवकर झिजतं, तिथेही स्टेनलेसच घ्या. रेड सीडर आणि डग्लस फर आम्लधर्मी असतात. साधं लोखंड लावलं की पहिल्याच पावसात काळे ओघळ येतात.

सांध्याची रचना करताना फुगणं-आकसणं धरा. तंतूंच्या आडव्या दिशेला सॉफ्टवुड पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.२५ टक्के बदलतं. ४०० मिलिमीटर उंचीची तुळई १२ टक्क्यांवरून २० वर गेली की ८ मिलिमीटर वाढते, उन्हाळ्यात तेवढीच आकसते. तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकाच अखंड पट्टीतून घट्ट बोल्ट मारले तर आकसताना लाकूड मधोमध चिरतं. बोल्ट एका कडेला गोळा करा, किंवा पट्टीत लांबट भोकं ठेवा.

माझ्या तुळईला चिरा पडल्या आहेत. घाबरण्यासारखं आहे का?

आधी चीर कुठे आहे ते बघा. लाकडात, तंतूंच्या बाजूने, कडा खडबडीत आणि रेशे दिसणारे असतील तर ती वाळण्याची चीर आहे. उघड्यावर अशा उथळ चिरा पडतातच. गोंदाच्या रेघेवर, सरळ, आणि आत पाहिलं तर गुळगुळीत पृष्ठभाग दिसत असेल तर फळ्या सुटत आहेत. ते गंभीर आहे. त्या तुळईखाली टेकू द्या आणि इंजिनिअरला बोलवा.

वाळण्याच्या चिरेची खोली पातळ पोलादी पट्टीने मोजा, जागा आणि तारीख खडूने नव्हे, वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच चीर पुन्हा मोजा. वरच्या अंगावरची चीर बाजूच्या चिरेपेक्षा वाईट, कारण तिच्यात पाणी उभं राहतं. चिरा पुट्टीने किंवा सिलिकॉनने भरू नका, लाकूड हललं की एक कड सुटते आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही.

रंग कोणता लावावा?

जाड थर देणारा चकचकीत वॉर्निश नको. आपल्या उन्हात तो फुटतो आणि फुटलेल्या जागी पाणी मागे शिरतं. लाकडात मुरणारं, रंगद्रव्य असलेलं तेलकट स्टेन लावा आणि ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावायची तयारी ठेवा. पश्चिमेकडची बाजू आधी उतरते. काहीच लावलं नाही तर लाकूड राखाडी होतं, तो ऊन-पावसाचा वरवरचा परिणाम आहे, ताकद जात नाही.

आग?

ग्लुलॅम मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर वेगाने जळतं आणि कोळशाचा थर आतलं लाकूड सांभाळतो. अर्ध्या तासाला २१ मिलिमीटर, शिवाय काही मिलिमीटर कमजोर थर. तेवढा आकार वाढवून घेता येतो. उघड्या पोलादी पट्ट्या मात्र आधी दगा देतात.

समुद्रात किंवा खाडीत खांब रोवता येतील का?

नाही. खाऱ्या पाण्यातले लाकूड पोखरणारे जीव यांतल्या कुठल्याही प्रक्रिया न केलेल्या सॉफ्टवुडला सोडत नाहीत. खाली काँक्रीट, वर ग्लुलॅम.

तपासणी कधी आणि कशी?

वर्षातून दोनदा: मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. मेमध्ये पत्र्यांवरचा आणि सांध्यांतला पाला काढा. आंब्या-फणसाच्या झाडाखालचा पर्गोला पाल्यामुळेच ओला राहतो. ऑक्टोबरमध्ये मॉइश्चर मीटर घेऊन टोकं, पाया आणि पट्ट्यांच्या मागची जागा मोजा. मीटरच्या सुया लांब आणि टोक सोडून बाकी इन्सुलेट केलेल्या असाव्यात, नाहीतर फक्त वरची ओल कळते. तांब्याच्या क्षारांमुळे प्रक्रिया केलेल्या लाकडात आकडा थोडा फुगून येतो, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा दर वर्षीचा बदल महत्त्वाचा. डिसेंबरपर्यंत एखादी जागा २० टक्क्यांच्या खाली आली नाही तर तिथे पाणी अडकतंय, कारण शोधा. हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐका, संशय आला तर बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

कोटेशन मागवताना काय लिहायचं?

जात आणि ती कुठली, गाभा की पांढऱ्या लाकडासह, ताकदीचा वर्ग, फळीची जाडी, गोंदाचा प्रकार आणि टाइप, पाठवतानाचं ओलीचं प्रमाण, औषध कोणतं, किती आणि चिकटवण्याआधी की नंतर, भोकं-खाचा कारखान्यात की साइटवर, टोकांचं सील. शिवाय उघड्यावरच्या वापरासाठीच हा माल बनवला आहे असं कारखान्याचं लेखी पत्र. विक्रेता ‘सगळं वॉटरप्रूफ आहे साहेब’ एवढंच म्हणत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतो. साइटवर ते प्लास्टिक खालच्या बाजूने फाडून ठेवा, नाहीतर आत घाम धरतो. तुळया जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या देऊन रचा, वर ताडपत्री टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. जूनच्या तोंडावर माल मागवू नका. ऑक्टोबर ते मार्च हाच उभारणीचा काळ धरा.

खांबाचा पाय कुजला तर सगळा खांब बदलावा लागतो?

सहसा नाही. छपराला टेकू द्या, कुजलेला भाग कापा, आणि वर निदान हातभर दिसायला चांगलं असलेलं लाकूडही काढा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खाली काँक्रीटची बैठक तेवढी उंच करा किंवा लांब पोलादी पाया घ्या. कापलेल्या टोकाला औषध लावा, दोनदा. पोकळीत इपॉक्सी ओतून वरून रंग मारणारे कारागीर भेटतील. त्या इपॉक्सीच्या मागे ओल तशीच राहते आणि दोन पावसाळ्यांनी तोच खांब आणखी वरपर्यंत गेलेला सापडतो.